फायरबग कुणी मारला?

ऑक्टोबर २०१७ संपता संपता फायरफॉक्स बनवणाऱ्या मोझिलाकडून निरोपाचं एक टिपण प्रसिद्ध झालं. फायरबग या टूलवरचं काम थांबलं आहे, १४ नोव्हेंबरला येणाऱ्या फायरफॉक्स ५७मध्ये ते चालणार नाही, तेव्हा लोकांनी ब्राउझरमध्येच दिलेली साधनं वापरावीत, असा त्याचा मजकूर. लिहिणारे होते यान ओद्वार्को. कित्येक वर्षं फायरबगचा गाडा ज्यांनी ओढला त्यांतलं हे प्रमुख नाव. म्हणजे मृत्युलेखच, आणि तोही घरच्या माणसाने लिहिलेला.

वेबसाइट बनवण्याशी ज्यांचा संबंध नाही त्यांना या बातमीचं सोयरसुतक असण्याचं कारण नव्हतं. पण २००६ ते २०१२च्या सुमारास जो कोणी हिंजवडीत, सीप्झमध्ये किंवा सदाशिव पेठेतल्या एखाद्या दोन खोल्यांच्या कंपनीत वेबचं काम शिकला, त्याच्या फायरफॉक्सच्या उजव्या खालच्या कोपऱ्यात एक छोटा किडा बसलेला असायचाच. त्यावर क्लिक केलं किंवा एफ१२ दाबलं, की खिडकीचा खालचा अर्धा भाग उघडायचा आणि समोरच्या पानाची आतडी दिसायला लागायची. आज क्रोम, एज, फायरफॉक्स, सगळीकडे हे आयतं मिळतं. ब्राउझर म्हटला की ते असणारच, असं नव्या मुलांना वाटतं. तसं ते नव्हतं, आणि सुरुवातीला ते कुठल्या ब्राउझर कंपनीने दिलेलंही नव्हतं.

मग त्याला मारलं कुणी? या प्रश्नाची दोन तयार उत्तरं आहेत. पहिलं, क्रोम आला आणि त्याच्या लाटेत फायरफॉक्स मागे पडला, त्यासोबत फायरबगही. दुसरं, मोझिलानेच आपल्या एक्स्टेन्शनवाल्यांचा, म्हणजे ब्राउझरला बाहेरून जोड देणाऱ्यांचा, गळा घोटला. दोन्हींत तथ्य आहे, पण पुरतं उत्तर जरा अडचणीचं आहे. ज्या मोकळिकीतून फायरबग जन्मला, त्याच मोकळिकीने त्याला पुढे जगू दिलं नाही.

*

आधी त्याच्या जन्मापूर्वीचे दिवस पाहू. ऑगस्ट २००१मध्ये मायक्रोसॉफ्टने इंटरनेट एक्स्प्लोरर ६ आणला आणि त्यानंतर थेट ऑक्टोबर २००६पर्यंत पुढची मोठी आवृत्ती काढलीच नाही. नेटस्केप हरलं होतं, दहातले नऊ लोक एक्स्प्लोररच वापरत होते, मग कष्ट घ्यायचे कुणासाठी? या ब्राउझरमध्ये जावास्क्रिप्ट अडली की खालच्या पट्टीवर पिवळा त्रिकोण यायचा. त्यावर दोनदा क्लिक केलं की खुलासा मिळे: 'ऑब्जेक्ट एक्स्पेक्टेड'. कोणता ऑब्जेक्ट, कुणाला अपेक्षित, हे गुलदस्त्यात. सोबत ओळीचा क्रमांक असायचा, पण पानाला चार स्क्रिप्ट फायली जोडलेल्या असतील तर तो क्रमांक कोणत्या फायलीतला, हे आपण ओळखायचं.

म्हणून लोक अलर्ट टाकत. कोडमध्ये दर चार ओळींनंतर एक अलर्ट: 'एक', 'दोन', 'इथे आलो'. 'दोन' दिसलं आणि 'इथे आलो' दिसलं नाही, म्हणजे घोळ मधल्या चार ओळींत. एखादा अलर्ट चुकून लूपमध्ये राहिला तर ओके, ओके, ओके दाबत बसायचं, नाहीतर टास्क मॅनेजर उघडून ब्राउझरच ठार करायचा. आणि गिऱ्हाइकासमोर साइट उघडल्यावर मध्येच 'इथे आलो' अशी पाटी झळकण्याचा प्रसंग त्या पिढीतल्या फार थोड्यांना चुकला असेल.

यापेक्षा मोठी अडचण वेगळीच होती. 'व्ह्यू सोर्स'मध्ये दिसायचं ते सर्व्हरने पाठवलेलं मूळ एचटीएमएल. पण स्क्रिप्टने त्यात भर घातली, दोन ओळी उडवल्या, एखादा मेनू नव्याने उभा केला, तर ते बदललेलं पान कागदावर कुठेच नव्हतं. ते फक्त ब्राउझरच्या मेमरीत होतं. साध्या माहितीपत्रकवजा साइट्सच्या काळात यावाचून काही अडत नव्हतं. २००४ साली जीमेल आलं, २००५ साली गूगल मॅप्स आले, आणि त्याच वर्षी फेब्रुवारीत जेसी जेम्स गॅरेट यांनी त्यांच्यामागच्या तंत्राला 'एजॅक्स' हे नाव दिलं. आता पान एकदाच उतरायचं आणि मागल्या दाराने सर्व्हरशी बोलत राहायचं. त्या बोलण्याची कुजबुजही प्रोग्रॅमरला ऐकू येत नव्हती. गिऱ्हाईक मात्र म्हणू लागलं, आम्हाला जीमेलसारखं करून द्या.

नेटस्केपचा वारसा चालवणाऱ्या मोझिलाच्या बाजूला परिस्थिती जरा बरी होती. नेटस्केपमध्ये असताना जो ह्युइट यांनी डॉम इन्स्पेक्टर लिहिला होता. त्यात पानाचं मेमरीतलं झाड फांदीफांदीने उघडून पाहता येई. व्हेंकमन नावाचा जावास्क्रिप्ट डिबगर होता. (हे नाव 'घोस्टबस्टर्स' या सिनेमातल्या पात्राचं. नेटस्केपच्या मंडळींना हा सिनेमा भलताच प्रिय असावा. पुढे येणाऱ्या एक्सयूएलचा उच्चारही त्यातल्याच एका भुतावरून.) क्रिस पेडेरिक यांचा वेब डेव्हलपर टूलबारही २००३पासून होता: एका क्लिकमध्ये स्टाइलशीट बंद करा, चित्रं घालवा, प्रत्येक डब्याभोवती रेघ काढा. पण यांतलं प्रत्येक साधन सुटं होतं आणि व्हेंकमन तर इतका अवजड, की चूक परवडली पण डिबगर नको.

ह्युइट हे फायरफॉक्सच्या मूळ कर्त्यांपैकी एक. नेटस्केप सोडून ब्लेक रॉस यांच्याबरोबर ते स्वतःची कंपनी उभारत होते आणि त्या कामासाठी त्यांना धड साधन हवं होतं. जानेवारी २००६मध्ये त्यांनी फायरबगची पहिली आवृत्ती सोडली, वर्षभराने १.० आली, आणि तिने खेळच बदलला.

काय होतं तिच्यात? 'इन्स्पेक्ट' दाबायचं आणि माउस पानावर फिरवायचा. ज्याच्यावर माउस, त्याचं एचटीएमएल खाली उजळतं. शेजारी त्याला लागू असलेले सीएसएसचे नियम, कोणता नियम कोणत्या फायलीतल्या कितव्या ओळीवर आहे यासकट. जो नियम दुसऱ्याकडून हरला त्यावर काट. किंमत बदला, बाणाने १० पिक्सेलचे ११ करा, पान डोळ्यांदेखत सरकतं. लेआउटच्या कप्प्यात एकात एक चौकटी: आतला मजकूर, पॅडिंग, बॉर्डर, मार्जिन. पुस्तकात आकृती पाहून जे कळत नव्हतं ते इथे पाच मिनिटांत कळायचं. नेट नावाच्या कप्प्यात प्रत्येक फाइल कधी मागितली, कधी आली, किती मोठी होती, याच्या एकाखाली एक आडव्या पट्ट्या. एजॅक्सची कुजबुज शब्दशः. आणि कन्सोल! 'कन्सोल डॉट लॉग' लिहा आणि अलर्टच्या गुलामीतून सुटा. पान थांबत नाही, गिऱ्हाइकाला दिसत नाही. हा कन्सोल पुढे सगळ्या ब्राउझरांनी उचलला. आज त्याचं प्रमाणीकरणही झालेलं आहे. कॉलेजात पहिल्या दिवशी जी ओळ शिकवतात तिच्यामागे एका एक्स्टेन्शनची पुण्याई आहे, हे शिकवणाऱ्यांनाही बहुधा ठाऊक नसतं.

ह्युइट स्वतः त्यात फार काळ राहिले नाहीत. जुलै २००७मध्ये त्यांची पॅराकी ही कंपनी फेसबुकने विकत घेतली. फेसबुकने केलेली ही पहिलीच कंपनी-खरेदी. तिथे त्यांनी आयफोनसाठीचं फेसबुक ॲप लिहिलं, आणि नोव्हेंबर २००९मध्ये ते काम जाहीरपणे सोडलं. प्रत्येक ॲप ॲपलने तपासून पास करायचं, ही पद्धत आपल्याला तत्त्वतःच मान्य नाही, असं कारण त्यांनी दिलं. हा तपशील लक्षात ठेवायला हवा. कुणाची परवानगी न घेता ज्या माणसाने ब्राउझरच्या पोटात डिबगर बसवला, तो दारावर पहारेकरी पाहून परत फिरला.

*

तोवर बाहेर पडलेल्या एका माणसाला हे जमलं कसं? याचं उत्तर एक्सयूएल. उच्चार 'झूल'. फायरफॉक्सची खिडकी, तिच्यातले मेनू, बटणं, टॅब, हे सगळं या एक्सयूएल नावाच्या, एचटीएमएलच्या चुलत भावंडात लिहिलेलं होतं आणि जावास्क्रिप्टने चालत होतं. ब्राउझर स्वतःच जणू एक मोठं वेबपान. एक्स्टेन्शन म्हणजे त्या पानावर अंथरायचा आणखी एक थर. हा थर मूळ खिडकीत हवं तिथे घुसू शकायचा, मूळ फंक्शन काढून स्वतःचं बसवू शकायचा, आणि एक्सपीकॉम नावाच्या जोडणीतून थेट नेटवर्कच्या नळापर्यंत, डिस्कवरच्या फायलींपर्यंत, जावास्क्रिप्ट इंजिनापर्यंत पोचायचा. मोझिलाने 'डेव्हलपर टूल्स बनवणाऱ्यांसाठी' म्हणून वेगळी सोय अशी केलेलीच नव्हती. फायरबगने आत जाऊन जे हाताला लागलं ते धरलं. त्यातला जावास्क्रिप्ट थांबवून ओळीओळीने पुढे नेणारा भाग तर नेटस्केपच्या जमान्यातल्या जेएसडी या जुन्या सेवेवर उभा होता.

या मोकळिकीचं एक फळ आपल्याही पदरात पडलं होतं. युनिकोड रुळण्याआधी मराठी वृत्तपत्रांच्या साइट्स ज्याच्या त्याच्या खासगी फॉन्टमध्ये असत. अक्षरं मुळात रोमन. फॉन्ट असेल तर त्यांवर देवनागरीचा मुखवटा चढे. असे फॉन्ट पानासोबत उतरवण्याची युक्ती एक्स्प्लोररपुरती चाले. फायरफॉक्समध्ये त्याच अग्रलेखाच्या जागी रोमन अक्षरं आणि विरामचिन्हं यांचा कचरा दिसे. त्या काळी पद्म नावाचं एक एक्स्टेन्शन होतं. ते पान उघडताच त्या त्या फॉन्टचा संकेत ओळखून मजकुराचं युनिकोडमध्ये रूपांतर करून दाखवी. तेलुगूसारख्या दक्षिणी भाषांबरोबर देवनागरीही त्याला येत असे. एखाद्या ब्राउझर कंपनीने मराठी वाचकासाठी हे काम कधी हाती घेतलं असतं? कुणाला पटवायला न जाता ते करता आलं, कारण दार उघडं होतं.

पण उघड्या दाराचं भाडं असतं. मालकाने भाडेकरूंना भिंती फोडायची, पाइप वळवायची, वीज हवी तिथून ओढायची मुभा दिली, की घर मोठं हौशी दिसतं. मग मालकाला एक दिवस स्वतःचं न्हाणीघर दुरुस्त करायचं असतं, आणि तो कुठेही छिन्नी लावो, कुणाच्या तरी स्वयंपाकघरात पाणी शिरतं.

मोझिलाचं नेमकं हेच झालं. एक्स्टेन्शनसाठी ठरलेली, लिहून दिलेली अशी सीमारेषा नव्हती, त्यामुळे फायरफॉक्समधला कोणताही आतला बदल कोणाचं ना कोणाचं एक्स्टेन्शन मोडू शकत होता. उपाय म्हणून प्रत्येक एक्स्टेन्शनमध्ये 'इन्स्टॉल डॉट आरडीएफ' नावाची फाइल असे आणि तिच्यात दोन आकडे: किमान कोणती आवृत्ती, कमाल कोणती. नवा फायरफॉक्स त्या कमाल आकड्याच्या पुढे गेला की एक्स्टेन्शन आपोआप बंद. बरेचदा ते प्रत्यक्षात ठणठणीत चालत असे; फक्त कर्त्याने आकडा वाढवून नवी प्रत चढवलेली नसे. म्हणून जाणकार मंडळी एक्स्टेन्शनची एक्सपीआय फाइल झिपसारखी उघडत, आकडा हाताने बदलत आणि पुन्हा बांधत. काही जण ब्राउझरच्या आतल्या सेटिंगमध्ये जाऊन तपासणीच बंद करत. त्यासाठी नाइटली टेस्टर टूल्स नावाचं आणखी एक एक्स्टेन्शन होतं. सुसंगततेची तपासणी चुकवणारं एक्स्टेन्शन, आणि त्यालाही स्वतःची सुसंगतता राखावी लागे!

फायरफॉक्स वर्षा-दीड वर्षाने नवा येत होता तोवर हे निभलं. २.० ऑक्टोबर २००६ला, ३.० जून २००८ला, ३.५ जून २००९ला. मार्च २०११मध्ये ४.० आला आणि मोझिलाने क्रोमचा वेग गाठण्यासाठी दर सहा आठवड्यांनी नवी आवृत्ती काढायचं ठरवलं. जूनमध्ये ५ आला. पुढे दर दीड महिन्याला एक्स्टेन्शनवाल्यांची परीक्षा. फुकटात, रात्री जागून, हौसेने लिहिलेल्या हजारो एक्स्टेन्शन्सचे कर्ते दर दीड महिन्याला आकडा कुठून बदलणार? वापरणाऱ्यांचा संताप मोझिलाला ऐकावा लागला. जानेवारी २०१२च्या फायरफॉक्स १०पासून नियम उलटवला गेला: बहुतेक एक्स्टेन्शन्स मुळात सुसंगत धरायची, मोडलेली आढळली तर बघू.

फायरबगला या सवलतीचा उपयोग बेताचाच, कारण ते खरोखरच मोडायचं. ब्राउझरच्या इतक्या आतल्या भागांना ते चिकटलेलं होतं, की फायरबगच्या प्रत्येक आवृत्तीसोबत ती फायरफॉक्सच्या कोणकोणत्या आवृत्त्यांवर चालते याचं कोष्टक द्यावं लागे. ह्युइट यांच्यानंतर आयबीएमचे जॉन बार्टन आणि ओद्वार्को यांनी स्वयंसेवकांचा गट बांधून ते जिवंत ठेवलं. त्यांच्या श्रमाचा मोठा वाटा नवं काही करण्यात नाही, तर आधीचं चालू ठेवण्यात गेला. जेएसडी ही जुनी सेवा मोझिलाने मोडीत काढली तेव्हा डिबगरचा सगळा भाग नव्या पायावर हलवावा लागला; जून २०१४मधलं फायरबग २.० हे बरंचसं त्या स्थलांतराचं फळ.

त्यातच फायरबगवर उभी असलेली एक्स्टेन्शन्स होती. याहूचा वायस्लो २००७ साली आला, पान हळू का उघडतं याचे गुण देणारा. गूगलचा पेज स्पीड २००९ साली आला, तोही फायरबगच्या आतच बसे. फायरपीएचपी, फायरकुकी, पिक्सेल परफेक्ट... खाली फायरफॉक्स, त्यावर फायरबग, त्यावर ही मंडळी. खालचं एक पाऊल सरकलं की वरच्या दोघांचा तोल जाई. शिवाय फायरबग चालू ठेवून कुणी जीमेल उघडलं तर जीमेलच वर एक पट्टी दाखवी: फायरबगमुळे जीमेल मंदावतं, त्याची सेटिंग नीट करा. एका हौशी टूलचा इतका दबदबा, की गूगलला त्याच्यासाठी खास सूचना लिहावी लागली. आणि 'फायरफॉक्स मेमरी खातो' अशी जी ओरड वर्षानुवर्षं होत होती, तिच्यातला मोठा हिस्सा फायरफॉक्सचा नव्हता, त्यात राहणाऱ्या पाहुण्यांचा होता. शिव्या मात्र यजमानाला.

*

सुसंगततेच्या याच डोकेदुखीवर मुंबईत एक मोठा धंदा उभा राहिला, ते जाता जाता सांगायला हवं. आयआयटी मुंबईत शिकलेले रितेश अरोरा आणि नकुल अग्रवाल यांनी २०११मध्ये ब्राउझरस्टॅक सुरू केलं. कल्पना साधी: आपल्या यंत्रावर एक्स्प्लोररच्या तीन आवृत्त्या, जुना सफारी, पाच प्रकारचे फोन ठेवायचे कसे? त्याऐवजी ते सगळं त्यांच्याकडे ठेवलेलं असतं आणि आपण आपल्याच ब्राउझरमधून ते चालवून बघायचं. जानेवारी २०१३मध्ये खुद्द मायक्रोसॉफ्टने आपल्या मॉडर्न डॉट आयई या उपक्रमात ब्राउझरस्टॅकची तीन महिन्यांची फुकट सेवा देऊ केली. आपल्याच ब्राउझरची तपासणी लोकांना सोपी जावी म्हणून मायक्रोसॉफ्टने मुंबईकरांचा हात धरला. जून २०२१मध्ये कंपनीचं मूल्यांकन ४ अब्ज डॉलरवर गेलं. फायरबग आणि ब्राउझरस्टॅक ही एकाच दुखण्यावरची दोन औषधं, पण एक आतून चालायचं आणि एक बाहेरून. बाहेरून चालणाऱ्याला ब्राउझरच्या पोटातल्या बदलाशी फारसं देणंघेणं नसतं. उलट जितक्या आवृत्त्या, तितकं गिऱ्हाईक. टिकलं कोण, हे आता दिसतंच आहे.

पुन्हा फायरबगकडे येऊ. क्रोम २ सप्टेंबर २००८ला आला तो वेब इन्स्पेक्टर सोबत घेऊनच. हा इन्स्पेक्टर मूळचा ॲपलच्या वेबकिटमधला, फायरबगच्याच वर्षी, २००६ साली जन्मलेला. मार्च २००९च्या एक्स्प्लोरर ८मध्येही एफ१२ची साधनं आली. म्हणजे प्रत्येक कंपनीने मान्य केलं, की हे बाहेरून जोडायचं काम नव्हे, ब्राउझरसोबतच द्यायला हवं. क्रोममध्ये तर प्रत्येक टॅब वेगळ्या प्रोसेसमध्ये चाले. एक पान कोसळलं तरी बाकीची उभी. फायरफॉक्समध्ये खिडकी, पानं, एक्स्टेन्शन्स सगळी एकाच ताटात.

मग मोझिलानेही स्वतःची साधनं बांधायला घेतली. फायरफॉक्स ४मध्ये वेब कन्सोल, १०मध्ये पेज इन्स्पेक्टर, १५मध्ये डिबगर, २३मध्ये नेटवर्क मॉनिटर. २०१३च्या अखेरीपर्यंत फायरबगमधली बहुतेक कामं करणारं आतलं साधन तयार होतं. फायरफॉक्स ११मध्ये तर पान त्रिमितीत आडवं करून त्याचे थर दाखवणारं एक दृश्य होतं, बघायला झकास, कामाला फारसं नाही. पुढे काढून टाकलं. एकाच घरात आता दोन डिबगर झाले, एक पगारी आणि एक हौशी. हौशी अधिक लोकप्रिय, पगारी अधिक टिकाऊ.

ऑगस्ट २०१५मध्ये मोझिलाने जाहीर केलं की एक्सयूएल आणि एक्सपीकॉमवरची एक्स्टेन्शन्स जाणार, त्यांच्या जागी क्रोमच्या धाटणीची वेबएक्स्टेन्शन्स येणार. एक वर्षाने, फायरफॉक्स ४८पासून, इलेक्ट्रॉलिसिस हा बदल लोकांपर्यंत पोचू लागला: खिडकी एका प्रोसेसमध्ये, पान दुसऱ्या. इथे फायरबग तांत्रिकदृष्ट्या संपलं. पानातल्या कोणत्याही वस्तूला थेट हात घालता येतो, या गृहीतावर ते उभं होतं; आता मध्ये भिंत आली, पलीकडे फक्त निरोप पाठवायचा आणि उत्तराची वाट पाहायची. सगळं नव्याने लिहायचं तर आतली साधनं तेच करत होतीच. फायरबगच्या मंडळींनी शहाणपणाने आपली शक्ती तिकडे वळवली. फायरफॉक्सच्या साधनांना काही काळ फायरबगसारखं दिसणारं रूप मिळालं होतं, जुन्या लोकांची सवय मोडू नये म्हणून. पुढे तेही गेलं.

फायरफॉक्स ५७ने केवळ फायरबगच नाही, एक्सयूएलवरची सगळीच एक्स्टेन्शन्स एका दिवसात बंद केली. डाउनदेमऑल गेलं, दोन वर्षांनी नव्याने लिहून परतलं. क्लासिक थीम रिस्टोरर गेलं ते गेलंच. नोस्क्रिप्ट धावपळ करून वाचलं. वेब डेव्हलपर टूलबारही वाचला, कारण त्याने आतड्यांना फारसा हात घातलेला नव्हता. तो पानावर जे करायचं ते बरंचसं पानातूनच करत होता.

माझं मत विचाराल तर मोझिलाचा निर्णय बरोबर होता. एका प्रोसेसचा, कुणालाही काहीही करू देणारा ब्राउझर घेऊन त्यांना पुढे जाता आलंच नसतं. पासवर्डपासून फायलींपर्यंत सगळं ज्याच्या हाती, अशा एक्स्टेन्शनमध्ये एखादं दुष्ट निघालं तर वाचवणार कोण, हाही प्रश्न खराच. फायरफॉक्स ५७ खरोखर वेगवान होता. पण किंमत काय मोजली हे सांगायचं टाळू नये. आजही एक्स्टेन्शनला डेव्हलपर टूल्समध्ये स्वतःचा एक कप्पा जोडता येतो. रिॲक्ट आणि व्ह्यू या जावास्क्रिप्ट चौकटींची साधनं तशीच चालतात. डिबगरच कसा असावा, याबद्दल मात्र बाहेरच्या माणसाला आता काही म्हणता येत नाही. ते आत नोकरीला असलेल्यांनी ठरवायचं.

आणि आतली नोकरी कायमची नसते. ऑगस्ट २०२०मध्ये मोझिलाने सुमारे २५० माणसं कमी केली, आणि ज्या कामांवरचा खर्च आटवणार म्हणून सांगितलं त्यांत डेव्हलपर टूल्सचं नाव होतं. हीच ती टीम, जिने मार्च २०१७च्या फायरफॉक्स ५२मध्ये सीएसएस ग्रिडच्या अदृश्य रेघा पानावर काढून दाखवल्या, आणि फायरफॉक्स ७०मध्ये 'हा नियम लिहिलाय खरा, पण लागू होत नाही, कारण अमुक' असं सांगायला सुरुवात केली. क्रोमने दोन्ही गोष्टी नंतर घेतल्या.

पहारेकऱ्याच्या चुका कशा सगळ्यांना भोवतात याचा नमुना ४ मे २०१९ला मिळाला. एक्स्टेन्शन्सवर मोझिलाची डिजिटल सही सक्तीची झाली होती. त्या सहीच्या साखळीतल्या एका प्रमाणपत्राची मुदत संपली, आणि भारतात शनिवारची सकाळ होत असताना जगभरच्या फायरफॉक्समधली एक्स्टेन्शन्स पटापट बंद पडू लागली. फायरफॉक्सवर बेतलेल्या टॉर ब्राउझरमधलं नोस्क्रिप्टसुद्धा. कोणतंही एक्स्टेन्शन बिघडलेलं नव्हतं, कर्त्यांनी काही चुकवलं नव्हतं. क्रोमकडे तर एक्स्टेन्शन्सची नियमावली ठरवणाऱ्या मॅनिफेस्टच्या तिसऱ्या आवृत्तीने रेमंड हिल यांच्या यूब्लॉक ओरिजिनसारखं लाखो लोकांचं एक्स्टेन्शन २०२४पासून टप्प्याटप्प्याने बाहेर काढलं. जाहिरातींची मागणी वाटेतच अडवायची जुनी मुभाच गूगलने काढून घेतली. फायरफॉक्सने ती ठेवली आहे. सुसंगतता हा शब्द ऐकायला तांत्रिक वाटतो, पण कुणाचं मोडायचं हे ठरवायचा अधिकार कुणाकडे, हाच त्यातला मुख्य भाग असतो.

*

जून २०२१पासून ॲपल, गूगल, मायक्रोसॉफ्ट आणि मोझिला वेबची प्रमाणं ठरवणाऱ्या डब्ल्यूथ्रीसीच्या एका गटात एक्स्टेन्शनची समान व्यवस्था ठरवत आहेत. त्यातून एकदा लिहिलं की सगळीकडे चाललं, अशी सोय बऱ्यापैकी झालीही. पण चार मालकांनी मिळून आखलेल्या अंगणातच खेळायचं आहे, आणि त्यांपैकी मायक्रोसॉफ्टचा एज जानेवारी २०२०पासून गूगलच्याच क्रोमियमवर चालतो.

म्हणून मराठी साइट बनवणाऱ्या मित्रांना एक विनंती. काम झालं की ते फक्त क्रोममध्ये पाहून सोडून देऊ नका. एचटीएमएलच्या पहिल्याच टॅगमध्ये भाषा 'एमआर' लिहिली आहे ना, ते तपासा. फॉन्टमध्ये मराठी वळणाचे ल आणि श असतील तर ते या एका खुणेवर निवडले जातात, नाहीतर वाचकाला हिंदी वळण दिसतं. फायरफॉक्समध्ये एफ१२ दाबून इन्स्पेक्टरमधला फॉन्ट्स हा कप्पा उघडा. तुम्ही सांगितलेलाच फॉन्ट लागला आहे की ब्राउझरने गुपचूप दुसराच आणून बसवला आहे, ते तिथे कळतं. क्रोम आणि फायरफॉक्स जोडाक्षरं जुळवायला हार्फबझ ही एकच लायब्ररी वापरतात, म्हणून त्या दोघांत फरक सहसा नसतो. आयफोनवरचा सफारी ॲपलची स्वतःची व्यवस्था वापरतो, तिथे 'दऱ्या', 'सुऱ्या' आणि 'कुऱ्हाड' हे तीन शब्द मुद्दाम पाहा. आणि काही मोडलेलं दिसलं तर चडफडत बसू नका, नोंदवा. मोझिलाची बगझिला ही नोंदवही सगळ्यांसाठी खुली आहे, खातं काढायला पैसे पडत नाहीत, आणि मोडलेल्या पानाचा एक स्क्रीनशॉट जोडला तर अर्धं काम झालेलं असतं.